बाइकची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

सेल्फचं बटण दाबलं की नुसतं 'कट-कट', मीटरवरचे दिवे मंद, हॉर्न घोगरा. गॅरेजमध्ये गेलात की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "बॅटरी गेली, नवी टाकू." कधीकधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा बॅटरी नुसती मार खात असते आणि मारणारा दुसराच कुणीतरी असतो. माझ्या दीडशे सीसीच्या गाडीत नवी बॅटरी दोन महिन्यांत बसली, वॉरंटीत बदलून मिळाली आणि तीही उतरायला लागली. दोष निघाला सीटखालच्या एका जळक्या कप्लरमध्ये, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडात. त्याची दुरुस्ती बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नव्हती. पण तिथपर्यंत कुणी मीटर लावून पाहिलंच नव्हतं.

म्हणून ज्यांनी आजवर मल्टिमीटर हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काम अवघड नाही, फक्त क्रम पाळायला हवा.

हल्ली हे कळणं जास्त गरजेचं झालंय. २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम चालू राहतो. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले, बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि बऱ्याच गाड्यांची किकही गेली. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, दोन्ही बॅटरीवर चालतात. बॅटरी पार मेलेली असेल तर धक्का मारूनही गाडी सुरू होत नाही.

वीज येते कुठून, जाते कुठे

इंजिनच्या बाजूला, बहुतेक गाड्यांत डावीकडे, गोल कव्हर असतं. त्याखाली मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या आत तांब्याच्या वेटोळ्यांचा स्टेटर असतो. गॅरेजमध्ये याला 'मॅग्नेट कॉइल' किंवा 'कॉइल प्लेट' म्हणतात. इथे तयार होते ती एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी वीज. ती आरआर युनिटमध्ये, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये जाते. आरआर तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज करतो आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास रोखून धरतो. बहुतेक बाइकमधला आरआर जादा वीज उष्णतेत जिरवतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात आणि तो चांगलाच तापतो. तिथून वीज फ्यूजमार्गे बॅटरीत जाते.

म्हणजे संशयित चार: बॅटरी, स्टेटर, आरआर आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी नि कप्लर. याच चौघांची एकेक करून तपासणी करायची आहे.

काय काय लागेल

- डिजिटल मल्टिमीटर. तीन-चारशे रुपयांचा साधा पिवळा मीटर पुरतो
- १० नंबरचा पाना आणि फुली स्क्रू ड्रायव्हर
- बारीक सँडपेपर किंवा जुना टूथब्रश
- कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पेट्रोलियम जेली
- मोटरसायकलच्या बॅटरीला चालणारा छोटा चार्जर, किंवा चार्जिंग करून देणारं ओळखीचं दुकान
- बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- मालकाचं माहितीपुस्तक. फ्यूज कुठे आहेत आणि किती अँपियरचे आहेत, हे त्यात असतं
- वही-पेन. प्रत्येक आकडा लिहून ठेवा, पुढे गॅरेजवाल्याशी बोलताना तोच कामाला येतो

मीटरबद्दल दोन गोष्टी आधीच सांगतो. बॅटरीचं व्होल्टेज डीसी २० वर मोजायचं, स्टेटरचं एसी २०० वर. स्टेटरला डीसीची सेटिंग लावली की आकडा शून्याच्या आसपास दिसतो आणि चांगली कॉइल बाद ठरते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. लाल वायर १० अँपियरच्या भोकात राहिली असताना मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावलात, तर तो सरळ शॉर्ट सर्किट होतो. ठिणगी उडते, वायर वितळते. दर वेळी लाल वायर कुठल्या भोकात आहे ते बघूनच टोक टेकवा.

१. आधी टर्मिनल बघा

सीट किंवा साइड पॅनल काढा आणि बॅटरीची दोन्ही टर्मिनल बोटांनी हलवून बघा. ढिली असतील तर कदाचित सगळा आजार इथेच संपेल. पांढरी-हिरवट बुरशी दिसली तर टर्मिनल काढून ब्रशने साफ करा, वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या.

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलटं. निगेटिव्ह लागलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चॅसीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. मुख्य फ्यूजही याच वेळी काढून बघा. फ्यूज नुसता जळलाय का एवढंच बघू नका, त्याची पाती काळवंडलीत का तेही बघा.

२. बॅटरीचं निवांत व्होल्टेज

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, चावी न लावता मोजा. नुकतीच फिरवून आणलेली गाडी मोजली तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा खोटा चांगला दिसतो.

१२.६ ते १२.८ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ ला साधारण पाऊण, १२.२ ला अर्धी. १२ च्या खाली गेलीच तर ती उतरली असं समजा. १०.५ च्या आसपास आकडा येत असेल आणि चार्ज करूनही चढत नसेल, तर आतल्या सहांपैकी एक सेल मेलेला असण्याचीच शक्यता जास्त. ती बॅटरी खरोखर गेली.

पाण्याची बॅटरी असेल, म्हणजे वर झाकणं असतील, तर पातळी वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये हवी. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ॲसिड घालायचं नाही, नळाचं पाणी तर नाहीच. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटू नका.

३. भरून घ्या, मगच पुढे जा

बहुतेक लोक इथे घाई करतात. मेलेली बॅटरी ठेवून चार्जिंग सिस्टम तपासली तर सगळेच आकडे चुकीचे येतात, कारण रिकामी बॅटरी व्होल्टेज खाली ओढते. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका ठेवा. बॅटरीवर ९ एएच (अँपियर-अवर, क्षमतेचं माप) लिहिलं असेल तर ०.९ अँपियर. कारच्या बॅटरीचा जाडजूड चार्जर लावून 'अर्ध्या तासात करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती छोटी बॅटरी देऊ नका. ती तापते, फुगते. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, कारण त्या वेळी हायड्रोजन निघतो. जवळ काडी-सिगारेट नको.

चार्जरवरून काढल्यावर काही तास थांबून पुन्हा मोजा. आकडा १२.६ च्या वर टिकला तर पुढची चाचणी सेल्फची. मीटर टर्मिनलवर धरून सेल्फ मारा. आकडा खाली जाणारच, पण साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये. निवांत असताना १२.७ आणि सेल्फ मारताच ७-८ असेल तर बॅटरी कमकुवत आहे. निवांत आकडा चांगला म्हणजे बॅटरी चांगली असा निष्कर्ष काढू नका. लोड दिल्यावरच तिचं खरं रूप कळतं.

४. चालू गाडीवर मोजा

संपूर्ण लेखातली एकच चाचणी करायची असेल तर ही करा. गाडी सुरू करून थोडी गरम होऊ द्या. मीटर बॅटरीच्या टर्मिनलवर, सेटिंग डीसी २०.

आयडलला, म्हणजे रेस न देता, आकडा बघा, मग रेस देऊन ४००० आरपीएमच्या आसपास धरा. आरपीएमचा काटा नसेल तर दीडशेच्या गाडीत तिसऱ्या गिअरला चाळीसच्या वेगाने जाताना येतो तेवढा इंजिनचा आवाज ठेवा.

रेस दिल्यावर १३.५ ते १४.७ च्या मध्ये आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे. थेट नवव्या पायरीवर जा. आकडा १२.५ च्या आसपासच अडकला किंवा रेस देऊनही खाली घसरत राहिला, तर बॅटरीपर्यंत वीज पोचत नाहीये. आकडा १५ च्या वर चढला तर वीज अडवली जात नाहीये, आणि हे जास्त धोक्याचं आहे. बल्ब सारखे उडणं, बॅटरीच्या बाजू फुगणं, सडक्या अंड्यासारखा वास, पाणी भराभर आटणं ही त्याची लक्षणं. अशी गाडी चालवत राहू नका, ईसीयूचा बळी जाऊ शकतो.

गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढून बघायची एक जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. 'इंजिन चालू राहिलं म्हणजे चार्जिंग चांगलं' असं त्यामागचं गणित. तुमच्या गाडीवर ते कुणालाही करू देऊ नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि मीटर कन्सोल, ईसीयू, एलईडी यांपैकी काहीही जाऊ शकतं.

५. कप्लर आणि वायरी

नियमाने इथे लोक आरआर बदलतात. मी म्हणेन थांबा, कप्लर बघा. फुकटचं काम आहे आणि दोष इथे फार वेळा सापडतो.

स्टेटरकडून येणाऱ्या वायरी, बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या, एका प्लॅस्टिकच्या कप्लरमधून आरआरला जातात. तो सोडवा आणि उजेडात धरा. माझ्या गाडीतल्या पांढऱ्या कप्लरचं एक भोक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं होतं, आतली पिन काळी आणि तिच्याजवळच्या पिवळ्या वायरचं आवरण दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत कडक होऊन तडकलं होतं. बाहेरून कप्लर धडधाकट दिसत होता. पिन किंचित ढिली झाली की तिथे विरोध वाढतो, विरोधाने उष्णता, उष्णतेने पिन आणखी ढिली, असं ते चक्र चालू राहतं. तीनपैकी एक फेज, म्हणजे कॉइलकडून येणाऱ्या विजेचा एक पुरवठा, असा गळाला की चार्जिंग पूर्ण बंद पडत नाही, नुसतं अपुरं होतं. त्यामुळेच बॅटरी एका रात्रीत न मरता हळूहळू उतरते आणि दोष तिच्यावर जातो.

नुसती हिरवी बुरशी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ करा. कोकणात आणि किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने हे लवकर होतं, आणि पावसाळ्यानंतर तर सगळीकडेच. प्लॅस्टिक जळलं असेल तर कप्लर आणि पिना नव्या टाका. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची दुरुस्ती टिकत नाही. पिना नीट दाबून बसवलेल्या किंवा डाग दिलेल्या असाव्यात, वर आकुंचन पावणारी स्लीव्ह असावी आणि वायर निदान मूळची होती तेवढी जाड असावी.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर मीटरने शोधता येतं. कप्लर पुन्हा जोडा. हेडलाइट चालू, इंजिन ४००० वर. मीटरचं एक टोक आरआरच्या पॉझिटिव्ह आउटपुटला, कप्लरच्या मागच्या बाजूने, आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. तसंच आरआरच्या अर्थ (अर्थिंगच्या) वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढी वीज वाटेत गळतेय. फ्यूज होल्डर आणि चॅसीवरचा अर्थचा नट ही त्याची नेहमीची ठिकाणं.

६. स्टेटरची एसी तपासणी

इंजिन बंद करून कप्लर पुन्हा सोडा आणि स्टेटरकडच्या बाजूला मीटर लावा. सेटिंग एसी २००. गाडी सुरू करा. तीन वायरींच्या तीन जोड्या होतात: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. प्रत्येक जोडी आयडलला आणि रेस देऊन मोजा. टोकं प्लॅस्टिकच्या भागावरच धरा, रेस दिल्यावर इथे ५०-६० व्होल्ट सहज येतात आणि ओल्या हातांना झटका बसतो.

नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. बघायचं ते दोन गोष्टींसाठी: तिन्ही जोड्या जवळपास सारख्या आहेत का, आणि रेसबरोबर आकडा जोमाने चढतो का. दोन जोड्या ५५ आणि एक २० असेल तर कॉइल गेली.

मग इंजिन बंद करून ओहम २०० वर तपासा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना जोडून येणारा आकडा लिहा, तो नंतर वजा करायचा. तिन्ही जोड्यांत एक ओहमच्या आतला, सारखा आकडा यायला हवा. त्यानंतर प्रत्येक वायर आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये मोजा. इथे मीटरवर काहीच जोडणी दिसता कामा नये. साध्या मीटरवर त्यासाठी डावीकडे नुसता '१' दिसतो. तो एक ओहम नव्हे, 'जोडणी नाही' हा त्याचा अर्थ आहे.

गाडी गार असताना सगळं बरं आणि अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर चार्जिंग गायब, असं होत असेल तर हीच तपासणी गरम इंजिनवर करा. कॉइलवरचं इन्शुलेशन तापल्यावर दगा देतं.

७. जुन्या शंभर-सव्वाशे सीसी गाड्यांची गोष्ट वेगळी

वरची चाचणी तीन फेजच्या गाड्यांची. जुन्या छोट्या गाड्यांत अनेकदा एकच फेज असतो आणि कॉइलचं एक टोक मुळातच इंजिनला अर्थ केलेलं असतं. तिथे अर्थची जोडणी दिसणारच. ती बघून चांगली कॉइल काढून टाकू नका. यांपैकी बऱ्याच गाड्यांत हेडलाइट थेट एसीवर चालतो, त्यामुळे रेस दिली की प्रकाश वाढतो आणि सोडली की मंदावतो. हा दोष नाही, त्यांची रचनाच तशी आहे.

८. उरला तो आरआर

बॅटरी भरलेली, कप्लर स्वच्छ, स्टेटर उत्तम आणि तरी चौथ्या पायरीवर आकडा कमी: आता आरआरवर बोट ठेवायला हरकत नाही. आकडा १५ च्या वर जात असेल तरी बहुधा तोच, पण आधी त्याची अर्थिंगची वायर नक्की तपासा. मीटरच्या डायोड सेटिंगने त्याच्या आतले डायोड तपासता येतात, पण रेग्युलेटरचा भाग त्याने कळत नाही. चांगला चालणारा, त्याच मॉडेलचा आरआर घटकाभर लावून बघणं हीच सगळ्यात खात्रीची पद्धत.

नवा घेताना मॉडेल, वर्ष आणि जुन्यावरचा पार्ट नंबर जुळवा. कप्लरचा आकार सारखा असला तरी आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो. तो हवा लागेल अशाच जागी बसवा. मागे पिशवी किंवा फडकं कोंबलेलं असेल तर ते काढा.

स्टेटर बदलायचा असेल तर कव्हर उघडावं लागतं, पॅकिंग नवं लागतं, बऱ्याच गाड्यांत ऑइलही काढावं लागतं. काही गाड्यांत स्टेटर कव्हरलाच असतो, काहींत मॅग्नेटच्या मागे, तिथे मॅग्नेट ओढून काढणारा पुलर लागतो. हे काम पहिल्या वेळी घरी करू नका. रिवाइंडिंग, म्हणजे कॉइलला नवी तार गुंडाळून घ्यायची असेल तर कारागीर उष्णता सहन करणारी तार आणि वार्निश वापरतो का हे विचारून घ्या. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर एकही वायर न कापता आकड्यांची वही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

९. चार्जिंग ठीक, तरी बॅटरी उतरते

मग उभ्या गाडीत वीज गळतेय. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा. लाल वायर १० अँपियरच्या भोकात, मीटर डीसी अँपियरवर, आणि तो निगेटिव्ह टर्मिनल नि सोडलेली केबल यांच्या मध्ये. आकडा नगण्य दिसला तरच मिलिअँपियरच्या सेटिंगवर या. मीटर असा लावलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल्फला तर हातच लावू नका.

घड्याळ वगैरेंसाठी थोडेसे मिलिअँपियर जाणं स्वाभाविक आहे. २० मिलिअँपियर जात असतील तर ९ एएचची भरलेली बॅटरी ४५० तासांत, म्हणजे एकोणीस दिवसांत रिकामी होईल, आणि निम्म्यावर आली की सेल्फ बहुधा नाही म्हणेल. एकेक फ्यूज काढत जा, कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते बघा. नंतरून बसवलेला जीपीएस, अलार्म, थेट बॅटरीला जोडलेला मोबाइल चार्जर हे नेहमीचे गुन्हेगार. तेही नसतील तर आरआरचा कप्लर काढून बघा. आकडा एकदम पडला तर आरआरमधला डायोड उलट्या दिशेने गळतोय.

काहीच गळत नसेल तर तुमच्या वापराकडे बघा. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, दर सिग्नलला बंद करून पुन्हा सेल्फ, वर कायम चालू हेडलाइट. आयडलला अनेक गाड्या जेमतेम आपला खर्च भागवतात. त्यात जादा फॉग लाइट लावलेत तर हिशेब कायमचा तुटीत जातो. जादा दिवे लावायचेच असतील तर रिलेवरून, चावीच्या सप्लायवर आणि स्वतंत्र फ्यूज घालून लावा. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तासाची सलग फेरी मारा. जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा.

१०. बॅटरी खरोखरच घ्यायची असेल तर

व्होल्टेज, एएच आणि टर्मिनलची बाजू जुन्यासारखीच हवी. उत्पादनाची तारीख बघा, दुकानात महिनोन्‌महिने पडलेला माल घेऊ नका. बसवण्याआधी दुकानातच मीटर लावून घ्या, सीलबंद बॅटरी १२.६ च्या वर असायला हवी. पाण्याची बॅटरी असेल तर ॲसिड भरल्यावर पहिलं चार्जिंग पूर्ण झाल्याशिवाय ताब्यात घेऊ नका.

वॉरंटी बहुधा दोन भागांत असते: आधी काही महिने फुकट बदली, नंतर वापरलेल्या काळाच्या प्रमाणात सूट. कुठल्या भागाला किती महिने आहेत ते कार्डावर वाचा, सीरियल नंबर आणि तारीख दुकानदाराकडून समोर लिहून घ्या. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या. तिचे पैसे बिलातून वजा होतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती घरच्या कचऱ्यात टाकताही येत नाही. आत शिसं आणि ॲसिड आहे.

नवी बसवून गाडी सुरू केलीत की दुकानाच्या दारातच चौथी पायरी पुन्हा करा. आकडा १३.५ ते १४.७ च्या मध्ये आला तरच पैसे देऊन निघा, आणि तो आकडा तारखेसह वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवा.